त्या वेचणीतले उंदीर

पुण्याहून येणारी बस वडीगोद्रीजवळ आली, की दोन्ही बाजूंची रानं कापसानं पांढरी दिसायला लागतात. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असते. सकाळी पऱ्हाटीवर दव असतं, म्हणून वेचणीला आलेल्या बाया ऊन चढेपर्यंत बांधावर बसून राहतात आणि दव वाळलं की कमरेला झोळ्या बांधून ओळीनं आत शिरतात. खिडकीतून मला त्यांच्या वाकलेल्या पाठी दिसतात. डोक्याला बांधलेले रुमाल, साडीवरून चढवलेले नवऱ्यांचे जुने शर्ट. पाहता पाहता माझी नजर खाली घसरते आणि त्यांच्या पायांवर जाऊन थांबते. कोण पाऊल नीट उचलतंय, कुणाचा पाय मागे राहतोय. मी नजर काढून घेते. पुढच्या रानात ती पुन्हा तिथंच जाते.

ही खोड मला उंदरांमुळे लागली. पुण्यातल्या एका संस्थेत मी मेंदूच्या पेशींवर काम करते, आणि आजारी उंदरांचे पाय पाहणं हा त्या कामाचा भाग आहे. पण वेचणीच्या दिवसांत ती खोड टोचायला लागते, त्याला कारण माझी वहिनी आहे. आणि काही वर्षांपूर्वीची एक वेचणी.

वहिनीचं नाव सविता. घनसावंगीकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. ती मला ‘वन्सं’ म्हणायची. आधी रीतसर, मग चिडवायला, आणि पुढे तेच माझं नाव होऊन गेलं. वेचणीत तिच्या बरोबरीनं चालणं कुणाला जमत नसे. दोन्ही हात दोन वेगळ्या झाडांवर चालायचे. बोंडाच्या वाळलेल्या कडा बोटांना टोचून माझे हात अर्ध्या तासात लाल होत. तिच्या बोटांना जणू त्या कडा वाटच करून द्यायच्या. रोजानं आलेल्या बाया ओरडायच्या, “सविताबाई, जरा दमानं घ्या. तुमच्या पायी आमचा दम निघून राह्यलाय.” ती मागे वळून हसायची आणि आणखी पुढे निघून जायची.

मग एका उन्हाळ्यात तिच्या एका डोळ्यासमोर धुकं आलं. काही दिवसांनी निवळलं. पावसाळ्यात उजवा पाय जड पडायला लागला. आई म्हणाली, “अशक्तपणा हाय. खारीक-खोबरं खा.” तिनं खाल्लं. पाय तसाच. शेवटी दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिला संभाजीनगरला घेऊन गेला आणि तिथून त्यानं मेंदूच्या फोटोचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. डॉक्टरांचं निदान नंतर आलं. मला ते त्या फोटोतच दिसलं होतं. पांढरे डाग कुठे आहेत आणि कसे आहेत, हे मी पुस्तकात इतक्या वेळा पाहिलेलं होतं, की शंका घ्यायला जागाच नव्हती. वहिनीनं तीच फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि दादाला म्हणाली, “आपल्या काळ्या रानात बोंडं फुटल्यावानी दिसून राह्यलंय की.”

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. लोकांना वाटतं, वहिनीला हा आजार झाला म्हणून मी त्यावर संशोधन करते. ऐकणाऱ्याला ते छान वाटतं, म्हणून पुष्कळदा मी दुरुस्तही करत नाही. खरं उलट आहे. माझा विषय आधी ठरला, आजार मागून आला. पुण्यात मी या आजारावर दोन वर्षं काम करत होते तेव्हा वहिनी रानात सगळ्यांच्या पुढे चालत होती. आई एकदाच म्हणाली, चुलीपुढे, माझ्याकडे न बघता. “तू ज्याचं नाव घेत बसलीस, तेच घरात आलं.” पुन्हा कधी म्हणाली नाही. मी शिकलेली आहे, असं काही नसतं हे मला माहीत आहे. तरी ते वाक्य अजून माझ्यात कुठंतरी बसून आहे.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी आले तेव्हा पहिली वेचणी चालू होती. पुढची खोली कापसानं अर्धी भरलेली. घरात कापूस असला की भिंतींनाही ऊब येते. अंग खाजतं, पण पाठ टेकली की उठवत नाही. दादा दुकान बंद करून आला होता. हमरस्त्याला त्याचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. चहा पिता पिता त्यानं विचारलं, “तू नेमकं काय करतेस तिकडं, एकदा नीट सांग. लोक विचारतात.”

मी सांगितलं. मेंदूतल्या नसा म्हणजे तारा धर. त्यांच्यावर एक पांढरं वेष्टण असतं, त्याला मायलिन म्हणतात. ते वेष्टण तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. एकेक पेशी हात पसरून आजूबाजूच्या कितीतरी तारा गुंडाळत बसते.

“म्हणजे मोटारीच्या केबलीवरचं रबर,” दादा म्हणाला.

“तसंच. या आजारात शरीराची स्वतःचीच फौज चुकून त्या रबरावर तुटून पडते. आणि येताना हाका मारत येते. म्हणजे रसायनं सोडते. त्या हाका वेष्टण करणाऱ्या पेशींनाही ऐकू जातात. ऐकून त्यांचं काय होतं, ते मी बघते. उंदरांत.”

“आपल्या इकडं उंदरं केबल कुरतडतात, अन् तुम्ही तिकडं उंदरांचीच केबल तपासून राह्यल्या!” दादा मोठ्यानं हसला.

मग मी आमच्या उंदरांबद्दल सांगितलं. त्यांच्यात एक जास्तीचं जनुक बसवलेलं असतं, फक्त त्याच पेशींत चालू होणारं. ते हाका पेशीच्या आत पोचूच देत नाही. दादानं मांडीवर थाप मारली. “म्हणजे बीटी उंदरं!” तो दर हंगामात बीटी कपाशीचं, म्हणजे असंच बाहेरचं जनुक घातलेलं बियाणं विकतो, त्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

वहिनी कापसाच्या ढिगाला टेकून ऐकत होती. “म्हणजे त्या पेशींचे कान बंद केले तुम्ही?”

“हो.”

“मंग काय होईल?”

“मग कदाचित त्या तगतील. फौज आली तरी.”

‘कदाचित’ हा शब्द मी उच्चारला होता. पण घरच्या माणसाला सोपं करून सांगताना आपला जो सूर लागतो, त्या सुरात ‘कदाचित’ ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी रानात वहिनी बायांना सांगत होती, “आमच्या वन्सं उंदरांचे कान बंद करून राह्यल्या. उंदरांचं झालं की माझाच नंबर.” एक बाई झोळी सावरत म्हणाली, “मंग त्यांना म्हणावं, आमच्या मालकाचं तोंड बंद करायचं बी बघा.” सगळं रान हसलं. वहिनीही हसली. उजवा पाय थोडा ओढत ती ओळ पुरी करत होती. मीही हसले. इतकं हसू असताना मध्येच ‘कदाचित’ म्हणून कोण ओरडणार?

पुण्यात परत आल्यावर प्रयोग सुरू झाला. आमच्या उंदरांची खोली स्वच्छ असते, उबदार असते, लाकडी भुशाच्या वासाची. प्रत्येक पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाची एक छोटी चौकोनी वडी टाकतात. उंदीर ती दातांनी पिंजतात आणि तिचं घरटं करतात, वाटीसारखं गोल, मऊ. सकाळी दिवा लागला की सगळे आपापल्या वाटीत मुटकुळं करून झोपलेले असतात. पाहून कुणालाही माया येईल. मलाही येते. आणि त्यांना आजार आपोआप होत नाही, तो आम्ही देतो. सुई माझ्या हातात असते. हे मी दादाला सांगितलं नव्हतं.

सुई दिल्यावर रोज एकेका उंदराला उचलायचं आणि बघायचं. शेपटी लुळी पडली की एक. मागचे पाय डगमगायला लागले की दोन. मागचे पाय पुरते गेले की तीन. पुढचे आकडे सांगत नाही. आजारी पडलेला उंदीर घरटं करणं सोडून देतो. कापसाची वडी कोपऱ्यात तशीच पडून राहते.

ज्या उंदरांच्या पेशींचे कान आम्ही बंद केले होते, ते तगतील असं मला वाटत होतं. ते आधी पडले. साध्या, कान उघडे असलेल्या उंदरांच्या शेपट्या अजून ताठ होत्या तेव्हा यांचे मागचे पाय भुशातून घसटत होते. मला वाटलं, काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, आलेख बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अर्चना, हे फार सुंदर आहे.” म्हणजे त्या पेशी नुसत्या मार खाणाऱ्या नव्हत्या. हाका ऐकून त्या काहीतरी करत होत्या, स्वतःला सावरत होत्या. आम्ही कान बंद केले आणि त्या बेसावध मारल्या गेल्या. आधी सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या उलट. संशोधनात याच्याइतकी आनंदाची गोष्ट दुसरी नसते.

तो आनंद खोटा नव्हता. आजही मी तो नाकारू शकत नाही. कँटीनमध्ये मी सगळ्यांना चहा पाजला, आणि तिथूनच दादाला फोन लावला. “दादा, प्रयोग यशस्वी झाला!”

 तो म्हणाला, “खरंच? बिलकुल यशस्वी?” मी म्हणाले, बिलकुल. तो पुढं म्हणाला, “सविताला काल जालन्याला ॲडमिट केलंय. सकाळी उठली अन् पाय उचललेच न्हाईत. दोन्ही. तुला सांगणारच होतो.” आणि लगेच, “पण आता हे चांगलं झालं. तिला सांगतो.”

मी ‘थांब’ म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता. लगेच लावता आला असता. मी बॅग भरायला घेतली. समोर जाऊनच नीट सांगू, असं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या स्टेशनावर उतरून रिक्षानं दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या दारातच एका सिस्टरनं विचारलं, “तुम्हीच का त्या नणंद? पेढे खाल्ले बरं का आम्ही तुमचे.” दादानं अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले होते. वहिनीच्या हाताला सलाईन, त्यातून स्टिरॉइड. चेहरा सुजलेला आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर इतका उजेड, की मी दाराशीच थबकले. तिनं मोकळा हात पुढे केला. “आल्या माझ्या वन्सं. किती जल्दी केलं तुम्ही!” शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणाली, “याच त्या. यांचा प्रयोग यशस्वी झाला.” म्हातारीनं हात जोडले. मला.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर म्हणाले होते, मन शांत राहू द्या. त्या वाक्याचा मी चांगला आडोसा करून घेतला. स्टिरॉइडनं हळूहळू पायांत जोर आला. वहिनीला वाटलं, चांगल्याची सुरुवात झाली. घरी आणलं तेव्हा शेवटची वेचणी चालू होती. आई बायांमागे रानात, दादा दुकानात. घरात आम्ही दोघी आणि आता छताला टेकलेला कापूस.

वहिनी भिंत धरून मोरीकडे निघाली. मी मदतीला उठले, तर तिनं हातानंच थांबवलं. ती एकेक पाऊल टाकत होती, उजवा पाय बाहेरून फिरवून आणत होती. आणि माझ्या मनात आपोआप आकडा उमटला. दोन. कुणी विचारलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले, जसं काही आकडा डोळ्यांत होता.

परत येऊन ती ढिगाला टेकली, दम घेतला आणि म्हणाली, “उंदरांचं सांगा की. आता माझं कधी?”

“अजून चाललंय, वहिनी.”

“तुम्ही खोटं बोलता तवा ओढणी सारखी करून राह्यता.”

माझे हात ओढणीवरच होते. मग मी सांगितलं. “कान बंद केलेले आधी आजारी पडले.”

“आधी?”

“आधी. त्या पेशींना हाका ऐकू यायला हव्या होत्या. आम्हाला ते कळलं, म्हणून यशस्वी म्हणाले. औषध नाही सापडलं.”

तिनं ढिगातून एक पुंजका घेतला आणि त्यातली सरकी बोटांनी काढू लागली.  

“म्हणजे माझं न्हाई होणार.”

“यातून नाही. आत्ता नाही.”

“बराबर,” ती म्हणाली. आणखी एक सरकी काढली. “पेढे परत मागावे लागतील आता.”

मला हसता आलं नाही. ती हसली, पण ते हसू रानातलं नव्हतं. मग एकदम म्हणाली, “ती उंदरं आता कुठंयत?”

“नाहीत.”

“सगळीच?”

“शेवटी मेंदू काढून बघावा लागतो, वहिनी.”

तिचा हात कापसावर थांबला. “अन् किती आजारी हाय, ते कसं समजतं?” मी आकड्यांचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट लपवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. तिनं सगळं ऐकलं. आपल्या पायांकडे बघितलं. “मंग मी कितीवर हाय?”

“माणसांना वेगळं मोजतात.”

“असू द्या. उंदीर असते तर?”

“तुम्हाला शेपटीच नाही,” मी म्हणाले. “सुरुवातच करता येत नाही.”

यावर ती खरंच हसली, खोकला येईपर्यंत. मी तिला पाणी दिलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिनं विचारायच्या आधीपासून तयार होतं. हे तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे त्याच कामावर माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं. गावात सत्कार झाला, वहिनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. दादाचं दुकान चालू आहे. तो आजही उंदीर मारायचं औषध विकतो, आणि ते विकताना त्याला काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही, रानातल्या उंदरांची त्यानं घरटी पाहिलेली नाहीत. वहिनीला आता दर महिन्याला एक इंजेक्शन असतं. आजार थोपवून धरला आहे, गेलेला नाही. ते औषध दुसऱ्याच कुणाच्या तरी कामातून आलेलं आहे, आणि त्याच्याही मागे कुठल्यातरी उबदार खोलीतले पिंजरे असणार. माझ्या कामातून एक दिवस काही येईल का? येईल, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. सांगतानाही ‘कदाचित’ म्हणते, आणि आता तो शब्द मोठ्यानं म्हणते.

वेचणीला वहिनी अजून रानात जाते. काठी घेऊन बांधापर्यंत, मग बांधाकडेच्या ओळीत बसून हाताशी येतील तेवढी बोंडं. बाया तिच्यासाठी ती ओळ सोडून देतात. कुणी तसं ठरवलेलं नाही.

या वर्षी आमच्या प्रयोगशाळेला या आजाराच्या माणसांचं रक्त हवं आहे. उंदरांत जे दिसलं ते माणसांत दिसतं का, हे बघायला. मराठवाड्यातल्या दवाखान्यांना मीच विचारलं, जालन्यालाही. वहिनीला विचारलं नाही. तिला ते तिच्या डॉक्टरांकडून कळलं. मी परवा बसमधून उतरून घरी आले, पाणी प्यायले, आणि तिनं काठी भिंतीला टेकवून विचारलं, “सगळ्या जिल्ह्याला रक्त मागून राह्यल्या, अन् मला कामून न्हाई?”

“मला विचारवलं नाही, वहिनी.”

“उंदरांना विचारलं होतं?”

“नाही.”

“मंग मला तरी विचारा की. मी बोलते तरी.”

आज सकाळी आम्ही जालन्याला गेलो. सिस्टरनं रक्त घेतलं. नस एका फटक्यात सापडली. उंदराला सुई देताना माझा हात कधी हलत नाही; इथं नुसतं बघताना मी टेबलाची कड धरून होते. सिस्टरनं नळीवर चिकटपट्टी लावली आणि नळी माझ्या हातात दिली. वहिनी कोपर दुमडून तिच्यावरचं वाचायचा प्रयत्न करत होती.

“नाव न्हाई लिहायचं?”

“नाही. नुसता नंबर. पुण्यात इतर नळ्यांत मिसळली, की कुणाची कोणती ते तपासणाऱ्याला कळायला नको.”

“तपासणार कोण?”

“मी.”

 तिनं काठी घेतली आणि ती उठली.

“बरंय,” ती म्हणाली. “मंग तुम्हाला वाईट वाटायचं न्हाई.”

दादा बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता, ती त्याच्याकडे निघाली. नळी लगेच बर्फाच्या डब्यात ठेवायला हवी होती. ती हातात गरम लागत होती. वहिनी दाराबाहेर जाईपर्यंत मी तशीच धरून उभी राहिले.